सुन्याला शिकवलेली क्लिंगॉन

रविवार, पवईहून परतल्यावर

सुन्याने आज मला वाचवलं, आणि त्याचीच लाज वाटतेय. रूमवर त्याला क्लिंगॉन, म्हणजे इंग्रजी सिरियलमधल्या परग्रहवाल्यांची बनवलेली भाषा, मीच शिकवली. मोबाईलवर थोडी शिकलो आणि लगेच मास्तर झालो, नववी नापास मास्तर! मागचं काही बोलायचं की क्रियापदाला 'पु'ची शेपटी लाव, असं ठोकून सांगितलं होतं.

आज तलावावर ही भाषा शिकणारे सगळे जमले, बहुतेक इंजिनिअर पोरं. सुन्या उठून क्लिंगॉनमध्ये म्हणाला, लहानपणी मी देवगडला राहायचो. शेपटी लावलीच. सगळे हसले. एक मॅडम म्हणाल्या, "अरे, 'पु' म्हणजे काम पुरं झालं. काल की उद्या, ते वेगळ्या शब्दाने सांगायचं. कोणी शिकवलं तुला?"

मी चहाच्या कपात बघत बसलो. सुन्या म्हणाला, "कोणी नाय, मीच आपलं अंदाजाने."

कप तर केव्हाच रिकामा झाला होता. तरी मान वर केली नाही. लिफ्टच्या कामात चूक झाली तर लगेच सांगतो ना मी? मग इथे काय झालं? त्या इंजिनिअर पोरांसमोर नववी नापास दिसलो असतो, एवढंच.

आत्ता भात टाकताना सुन्या म्हणाला, "मास्तर, नीट सांग ना आता, कुठे लावायचं ते."

टोमणा असता तर बरं झालं असतं. तो खरंच विचारत होता.