चालकाची चूक

सप्रेम नमस्कार मेहुणेसाहेब,

तुम्ही, वहिनी आणि तुमच्या नव्या घराच्या भिंतीतली ओल, तिघांचंही ठीक चाललं असेल अशी आशा आहे (ओलीचं नसलं तरी चालेल). इकडे सगळं क्षेम आहे. तुमची ताई कामात आहे, आई ठणठणीत आहेत, आणि माझ्या कपाळावरचा टाका परवा काढला. टाका एकच होता. तो कशामुळे पडला हे तुमच्या ताईने तुम्हाला फोनवर सांगायला घेतलं होतं, पण तिला हसू आवरेना म्हणून तिने मध्येच फोन ठेवला आणि तुम्ही काळजीत पडलात असं कळलं. तेव्हा मीच पहिल्यापासून लिहितो. फोन करता आला असता, पण आमचं घर तुम्हाला माहीत आहे. एका खोलीत कुजबुजलं की दुसऱ्या खोलीतून सल्ला येतो. आणि या पत्रातलं काही तुमच्या आईंच्या कानावर न गेलेलंच बरं.

मोडलेल्या गाड्या पाहणं हा माझा धंदा, हे तुम्ही जाणताच. गाडी कुठे आपटली की विमा कंपनी मला पाठवते. मी वाकून, झोपून, विजेरी मारून नुकसान पाहतो आणि अहवालाच्या शेवटी बहुतेक वेळा 'चालकाची चूक' असं लिहून येतो. हे शब्द आयुष्यभर लिहिल्याचा परिणाम शेवटी माझ्या रक्तदाबावर झाला, आणि डॉक्टर म्हणाले की एखादा शांत छंद लावून घ्या. त्यांच्या मनात कुंड्या असाव्यात. माझ्या मनात लहानपणापासून महायुद्धातली लढाऊ विमानं होती. रिमोटवर उडणारं तयार विमान दुकानात मिळतं, पण ते आणणं मला कमीपणाचं वाटलं (असं मला कुणी सांगितलं नव्हतं, ते मीच ठरवलं). आपण आराखडा घ्यायचा, फोम कापायचा आणि इंग्रजांचं स्पिटफायर विमान, हातभर लांबीचं, स्वतः बनवायचं. नवा फ्रिज आला तेव्हा मी फ्रिजकडे पाहिलंसुद्धा नाही, त्याच्या खोक्यातलं थर्माकोल तेवढं काढून घेतलं. तुमची ताई म्हणाली की या घरात नव्या वस्तूचं इतकं कौतुक तिने कधी पाहिलं नव्हतं.

आराखडा ऑफिसच्या प्रिंटरवर तुकड्यातुकड्यांत छापला आणि चिकटपट्टीने जोडला. जोडताना एक पान सरकलं, म्हणून डावा पंख उजव्यापेक्षा बोटभर लांब झाला. मी उजवाही कापून तेवढाच करायला गेलो. कापल्याने वस्तू लांब होत नाही, हे लक्षात येईपर्यंत उजवा पंख दोन बोटं आखूड झाला होता. शेवटी दोन्ही सारखे केले. मग त्यावर स्प्रेने झकास हिरवा रंग मारला. थर्माकोलला तो रंग चालत नाही, तो थर्माकोल खातो, हे जगात सगळ्यांना ठाऊक आहे असं नंतर कळलं. माझ्या डोळ्यांदेखत पंख फसफसत आत गेले आणि मागे उरलं ते किडलेल्या दाढेसारखं काहीतरी. तुमच्या ताईने दारातून पाहिलं आणि शांतपणे विचारलं, "लढाई एवढ्यातच संपली?"

पण माणूस जिद्दीला पेटला की त्याला थांबवणं कठीण, आणि मूर्ख जिद्दीला पेटला तर अशक्य. लाकडी फरशीखाली अंथरतात तो पातळ फोम मी आणला (दुकानदाराने खोली केवढी म्हणून विचारलं, मी पंखांची लांबी सांगितली, त्याने मला खुर्ची दिली). कटर, गरम डिंकाचं पिस्तूल, पंखात ताठपणासाठी बांबूच्या काड्या, शेपटी हलवणाऱ्या आगपेटीएवढ्या मोटरी, असा संसार मागच्या खोलीत मांडला. आणि खोटं कशाला बोलू, विमान देखणं झालं. बनवण्यात माझा हात बसला आहे, हे तुमची ताईही मान्य करते. अडचण फक्त पुढच्या भागाची होती, म्हणजे उडवण्याची.

ती अडचण अशी. विमान आपल्यापासून लांब जात असताना रिमोटची कांडी उजवीकडे ढकलली की ते उजवीकडे वळतं. इथवर कुणालाही जमेल. पण तेच विमान वळून आपल्याकडे तोंड करून येऊ लागलं, की त्याचं उजवं ते आपलं डावं होतं. मला हे समजतं. जमिनीवर, चहा पिताना, मी हे कुणालाही आकृती काढून समजावू शकतो. पण विमान तोंड वळवून येताना दिसलं की माझा अंगठा हटकून उलट्या बाजूला जातो. आमच्या मागच्या मैदानाच्या टोकाला भिंत आहे आणि भिंतीपलीकडे गॅरेज. त्या गॅरेजच्या मिस्त्रीचे दुरुस्तीचे अंदाज मी वर्षानुवर्षं कापत आलो आहे. नेमकी त्याच्याच अंगणात माझी विमानं पडू लागली. पहिल्या वेळी तो विमान दोन हातांवर घेऊन भिंतीपाशी आला, चष्मा कपाळावर चढवला, पंख खालून-वरून पाहिला, आणि म्हणाला, "टोटल लॉस, साहेब." मग अगदी माझ्याच आवाजात, "चालकाची चूक." त्यानंतर दर रविवारी तो भिंतीवर कोपर टेकून हजर असे. मी विमान पाडलं नाही अशा एका रविवारी (बॅटरी भरायची राहिली होती) तो हिरमुसला होऊन आत गेला.

आता आईंबद्दल. ठरल्याप्रमाणे सहा महिन्यांसाठी त्या तुमच्याकडून आमच्याकडे आल्या, तेव्हा त्या फार गप्प होत्या. तक्रार नाही, रुसवा नाही, नुसत्या गप्प. जिने शाळेच्या मैदानावर शिट्टी फुंकली की अख्खी शाळा जागच्या जागी थिजायची, ती बाई आमच्या घरात पाहुण्यासारखी खुर्चीच्या कडेवर बसायची. कपाटातला खण त्यांच्यासाठी मोकळा केला होता, पण त्या कपडे बॅगेतूनच काढत आणि घडी करून बॅगेतच ठेवत. तुमच्या ताईने एकदा कारण विचारलं, तर म्हणाल्या, "पुन्हा भरायचीच आहे ना." मग तुमच्या ताईने त्यांना रविवारी माझ्याबरोबर मैदानावर धाडायला सुरुवात केली. त्यांना मोकळी हवा मिळेल आणि मला लागलं तर फोन करायला कुणी असेल, असा दुहेरी हेतू. त्या घडीच्या खुर्चीवर ताठ बसत, विमान वर जाताना पाहत, खाली येताना पाहत, आणि काही न बोलता माझ्याबरोबर तुकडे वेचत. हे सगळ्यात वाईट. मिस्त्रीचं बोलणं परवडलं.

एका रविवारी स्पिटफायर पहिल्यांदाच खरंखुरं उडालं. मैदानाची पूर्ण फेरी मारली. मी इतका हरखलो की मागे वळून आईंना म्हणालो, "पाहिलंत?" पुन्हा पुढे पाहतो तर विमान वळून सरळ आमच्याकडे येत होतं, एका अंगावर कलंडलेलं, आणि मी अंगठा दाबेन तसं अधिकच कलंडत होतं. माझ्या तोंडून फक्त "अरे, अरे" निघत होतं. तेवढ्यात मागून आवाज आला, "डावीकडे! त्याचं नाही, तुमचं डावं! द्या इकडे!" आणि मेहुणेसाहेब, तुमच्या आईंनी माझ्या हातातून रिमोट अक्षरशः ओढून घेतला. विमान आमच्या डोक्यावरून, टोपी उडेल इतक्या जवळून गेलं, सरळ झालं, वर चढलं, आणि एखाद्या शहाण्या मुलासारखं मैदानाभोवती फिरू लागलं. त्या मला म्हणाल्या, "आता उतरवायचं कसं तेवढं सांगा." मी सांगितलं, माझ्या माहितीप्रमाणे. त्यांनी त्यातलं निम्मंच ऐकलं, म्हणून ते गवतावर अलगद टेकलं. मिस्त्रीने भिंतीपलीकडून टाळ्या वाजवल्या.

मी विचारलं, हे तुम्हाला जमलं कसं? त्या म्हणाल्या, यात काय आहे, आयुष्यभर हेच केलं. पोरांसमोर तोंड करून कवायत घ्यायची म्हणजे 'उजवा हात वर' असं ओरडताना आपण डावा वर करायचा, नाहीतर समोरच्या पोरांचा गोंधळ होतो. शेकडो पोरांचं उजवं आपलं डावं धरून जिने संसार केला, तिला एका विमानाचं काय! एवढं बोलून त्या हसल्या. त्या आल्यापासून मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. घरी आल्यावर त्यांनी काय केलं तेही सांगतो. बॅग पलंगावर घेतली, सगळे कपडे काढून कपाटाच्या खणात लावले, आणि रिकाम्या बॅगेत स्पिटफायरचे पंख टॉवेलात गुंडाळून ठेवले. म्हणाल्या, मागच्या खोलीत तुमचा पाय पडेल त्यांच्यावर. (पडला होता. दोनदा.)

तेव्हापासून घराचा कारभार बदलला. मी बनवतो, त्या उडवतात. मी विमान घेऊन धावतो, त्या "फेका!" म्हणतात, मी फेकतो. धावण्याआधी मला हात-पाय मोकळे करायला लावतात, सावधानमध्ये उभं करतात आणि पोट आत घ्यायला सांगतात. रक्तदाब उतरला आहे. डॉक्टर विचारतात, कुठला छंद? मी सांगतो, सासूबाईंची कवायत.

आता टाका. आईंना एकावर एक तीन पंखांचं लाल विमान हवं होतं. मी महिनाभर खपून बनवलं आणि पहिलं उड्डाण माझं, असा हट्ट धरला. विमान दोन बोटांच्या टोकांवर तोलून पाहतात, नाक किंचित खाली झुकलं पाहिजे. त्यांनी तोलून पाहिलं आणि म्हणाल्या, "जावईबापू, नाक हलकं आहे. थोडं शिसं भरा." मी म्हणालो, असू द्या, बनवणाऱ्याला कळतं. विमान हातातून सुटलं ते सरळ आभाळात उभं चढलं, वर गेल्यावर क्षणभर थांबलं, मागे वळून माझ्याकडे पाहिलं (मी शपथेवर सांगतो, पाहिलं), आणि निघालं. या वेळी मात्र मी डावं-उजवं अचूक ओळखलं. ओळखेपर्यंत ते पोचलं होतं. मिस्त्री भिंतीवरून उडी मारून आला, मला उठवून बसवलं, कपाळ पाहिलं, विमान पाहिलं आणि विचारलं, "साहेब, यात नुकसान कुणाचं धरू?" आई विमानाचे पंख तपासत होत्या. त्या म्हणाल्या, "पंख शाबूत आहेत. त्यांचंच धरा."

असा सगळा वृत्तांत आहे. काळजीचं कारण नाही. ठरल्याप्रमाणे महिनाअखेरीला तुम्ही आईंना न्यायला याल, त्यांची तयारी झालेली असेल. वहिनींना नमस्कार.

तुमचा,
ताईचा नवरा

ता. क. वरची 'तयारी झालेली असेल' ही ओळ औपचारिक समजावी. बॅगेत सध्या तीन विमानांचे पंख आहेत आणि ते हलवणं जोखमीचं आहे.

ता. क. २. येऊ नका. म्हणजे तुम्ही जरूर या, चार दिवस राहा, पण आईंना नेऊ नका. मला माहीत आहे, आता पाळी तुमची आहे आणि वाटणी आपणच केली आहे. तुम्हाला वाटेल मला पायलट हवा आहे. हवा आहेच, नाही म्हणत नाही. पण ती बॅग पुन्हा भरताना मला पाहवणार नाही. तुमच्या ताईलाही नाही, पण ती बोलणार नाही, म्हणून मी लिहितो.

ता. क. ३. हे पत्र आईंना ठाऊक नाही. वाचून फाडून टाकावं.

ता. क. ४. सोन्या, आशीर्वाद. हे पत्र कामाच्या टेबलावर फोमच्या तुकड्यांखाली लपवलेलं सापडलं. ते टेबल मी आवरते, हे जावईबापू विसरले. पूर्ण वाचलं. नाक हलकं होतं एवढंच त्यात खरं, बाकी मीठमसाला आहे. तुम्ही दोघं मला सहा-सहा महिने वाटून घेता ते मायेपोटीच, हे मला कळतं. पण 'तुला कुठे राहायचंय?' असं मला कुणी विचारलं नाही, तू नाहीस आणि जावईबापूंनीही नाही. आता विचारलं असं धरून सांगते. मी इथे राहीन. तुझ्याकडेही येईन, पण मनाला येईल तेव्हा, आणि एकटी येईन. गाडी घेऊन न्यायला येऊ नकोस. तिकीट पाठव, विमानाचं, खिडकीजवळचं. इतकी उडवली, बसले एकातही नाही अजून.