माझ्या पोटाची आणि मधल्या दारापुढच्या कपाटाची व्यवस्था

हा कागद उघडणाऱ्याने आधी चष्मा शोधावा. तो कपाळावरच आहे. परवा माझे रिपोर्ट घरी विसरून माझी छत्री तेवढी जपून आणणारा माझा मुलगाच हा कागद पहिला उघडणार, हे मला माहीत आहे. पण एकट्याने वाचायचं नाही. धाकट्या बहिणीला शेजारी बसवून मोठ्याने वाचायचं.

मी, शेवटी अंगठा उमटवणारी, वय बहात्तरच्या आसपास, धंदा कोटांना अस्तर लावणे, डोकं ठिकाणावर असताना आणि कोणी भरीस न घालता, माझ्यामागे काय कोणाचं ते सांगून ठेवत आहे. मला अक्षरओळख नाही. लिहून घेणारी शेजारीण शाळेत कारकून होती. माझं बोलणं कुठे फार शुद्ध वाटलं तर तो दोष तिचा.

माझ्या स्वादुपिंडाच्या टोकाला गाठ आहे. उद्या सकाळी तेवढा भाग काढतील, सोबत प्लीहाही जाईल. गाठ चांगली नाही, हे मला डॉक्टरांच्या आधी तुम्हा दोघांच्या चेहऱ्यांनी सांगितलं.

एक. घर दोघांचं. पुढच्या दोन खोल्या मुलाच्या, मागच्या दोन मुलीच्या, राहताय तशाच. मधल्या दाराचं पुढे सांगते.

दोन. बँकेत असेल ते आधी इस्पितळाला, उरेल ते नातीला. शिलाई मशीनही तिलाच. तेल घालायला ती विसरते, तरीही.

तीन. मोठी कात्री मुलीला. कागद कापून तिनेच धार घालवली आहे, आता तिनेच लावून घ्यावी.

चार. हे देणं नाही, कबुली आहे.

नऊ वर्षांपूर्वी तुमच्या बाबांना याच जागी गाठ झाली. दुर्बिणीतून काढू की पोट उघडून, असं तेव्हाच्या डॉक्टरांनी विचारलं. धाकटी परगावी होती. दुर्बिणीतूनच करा, असं ती फोनवर सांगत होती. मुलाने मला विचारलं. मी म्हटलं, "उघडू दे. फटीतून त्यांना काय दिसणार?"

का म्हटलं तेही ऐका. तरुणपणी मी घाईत एका कोटाचं अस्तर बोटभर उसवून आतून दुरुस्त केलं आणि सुई आतच राहिली. ती गिऱ्हाइकाच्या बरगडीत शिरली. तेव्हापासून मी सगळं अस्तर उसवल्याशिवाय कामाला हात लावला नाही. आणि त्या दिवशी माणसालाही कोट समजले.

मला लिहिता येत नाही म्हणून सही मुलाने केली. स्वादुपिंडाचं कापलेलं टोक आत गळत राहिलं आणि अकराव्या दिवशी ते गेले. बाहेरच्या बाकावर धाकटी त्याला म्हणाली, "दादा, बाबांना फाडायला सही तू केलीस."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी मूग गिळून बसले. त्याने माझं नाव घेतलं नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. त्याच आठवड्यात धाकटीने मधल्या दारापुढे कपाट सरकवलं. नऊ वर्षं माझ्या गुन्ह्याचं खापर मी त्याच्या डोक्यावर राहू दिलं आणि दोघांच्या हातचं जेवत राहिले.

परवा मी सर्जनबाईंना विचारलं, दुर्बिणीतून केलं असतं तर ते टोक गळलं नसतं का. त्या म्हणाल्या, "आजी, ते दोन्हीत गळू शकतं. दुर्बिणीने जखम लहान राहते, रक्त कमी जातं, बहुधा घरी लवकर जाता येतं. पण न गळण्याची हमी मी कशातच देणार नाही."

म्हणून धाकटे, तुझा राग चुकीच्या माणसावर होता. आता तो माझ्यावर कर. मी सोसायला असेन की नाही, ते उद्या कळेल.

पाच. या वेळी दुर्बिणीतून करा असं मी स्वतः सांगितलं आहे. रक्त थांबेना किंवा नीट दिसेना, तर तिथल्या तिथे पोट उघडा, असंही सांगितलं आहे. दोन्ही कागदांवर अंगठा माझा आहे. मला बाहेर आणल्यावर पोटावर लांब टाके दिसले, किंवा मी उठलेच नाही, तर सही कोणी केली हे कोणी कोणाला विचारायचं नाही.

सहा. ते कपाट माझ्या लग्नातलं, म्हणजे माझ्या मालकीचं आहे. ते मी कोपऱ्यावरच्या भंगारवाल्याला दिलं. तो आजच संध्याकाळी नेणार आहे. त्याची कंबर धरलेली आहे, तेव्हा उचलायचं तुम्ही दोघांनी. म्हणून हा कागद मी जिवंत असतानाच तुमच्या हाती देते आहे.

अंगठा: डावा, शाई जरा पसरली आहे.
साक्षीदार: वॉर्डातली मोठी नर्स. लिफ्टवाला, ज्याने सही करताना डोळे पुसले आणि सर्दी झाल्याचं सांगितलं.
स्थळ: इस्पितळ, तिसरा मजला, खिडकीकडची खाट.
दिनांक: शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी, दुपारी.

अंगठ्यानंतर आठवलेलं: चौथ्या-पाचव्या दिवशी खायला देतील म्हणतात. डबा एकच पाठवा. मऊ भात मुलाच्या चुलीवरचा, भाज्यांचं पातळ सूप धाकटीकडचं, तेल दोन्हीत नको. डबा मधल्या दारात भरायचा. खायला मी नसले तरी त्या दिवशी तो भरायचाच, आणि तिथेच उंबऱ्यावर बसून दोघांनी संपवायचा. मीठ मात्र तुमच्या चवीने घाला.