तांबडीचा खुराक

मी, हरणाबाई नानासो काळेल, वय ७१, राहणार म्हसवड, तालुका माण, जिल्हा सातारा. माझे मांडीचे हाड मोडले आहे, डोके शाबूत आहे. कोणाच्याही दडपणाशिवाय, समजून-उमजून माझ्यामागची व्यवस्था लिहून देते.

१. मेंढरे विकून मी स्वतः घेतलेली साडेतीन एकर जमीन, विहिरीसह, माझी सून उत्कर्षा हिला. मुलगा अमृत याला त्यातले काहीही नाही. कारण इथेच नोंदवते, म्हणजे त्याच्या वकिलाला शोधत बसायला नको.

फाल्गुनात मी पडले. दोन महिने कराडच्या दवाखान्यात होते. माझी तांबडी घोडी तेव्हा नऊ महिन्यांची गाभण. निघताना अमृतला बजावले, "खुराक चुकवू नगंस रं." फोनवर तो म्हणायचा, "आये, लय गुबगुबीत झालीया." ते नुसते पोट होते, वर बरगड्या मोजता येत होत्या. तिचा हरभऱ्याचा भरडा त्याने शर्यतीच्या बैलांना घातला आणि तिच्यापुढे उसाचे वाळके वाढे टाकले.

घोडी व्याली तेव्हा उत्कर्षाने रडत फोन केला, "आत्ती, सड कोरडं हाय वं. चीकच न्हाई." तिने बाटलीने शेळीचे दूध पाजले. शिंगरू तिसऱ्या दिवशी मेले. अमृत म्हणाला, "एक शिंगरू तर गेलं, त्यात काय एवढं?"

२. तांबडी उत्कर्षाची. पुन्हा गाभण राहिली तर नवव्या महिन्यापासून भरडा थोडा थोडा, दिवसातून तीनदा द्यावा. पोटात जागा कमी असते. सोबत हिरवा लसूणघास, मीठ, डॉक्टरांची खनिजभुकटी. व्याल्यावर तीन महिने खुराक वाढवावा, पाणी कायम समोर असावे. दूध त्यातूनच येते.

३. शर्यतीचे दोन्ही बैल माझ्या नावावर आहेत. ते फलटणच्या वीरधवल जगताप यांना फुकट द्यावेत. सलग दोन वर्षे अमृत त्यांच्याकडूनच हरला. बैलांवर माझा राग नाही. तिथे ते पोटभर खातील. अमृतने ते पळताना कडेला उभे राहून बघावेत.

४. राहते घरही उत्कर्षाचे. अमृतला ठेवायचे की हाकलायचे, तिने ठरवावे. ती पाच महिन्यांची गरोदर आहे. अमृत पोटात असताना माझी सासू माझ्या ताटातली भाकरी उचलून न्यायची. सुनेचे ताट अमृतच्या हाती सोपवून मी मरणार नाही.

हे सर्व मला वाचून दाखवले. माझ्या मनासारखे आहे. दहिवडीच्या कचेरीत येताना अमृतला मी पेन्शनचे काम सांगितले आहे. मघाशी दारातून डोकावून त्याने विचारले, "आये, च्या आणू का?" "आण की," म्हणाले, आणि पेन हातात घेतला.

सही: हरणाबाई नानासो काळेल

आमच्यासमक्ष सही केली:
१. डॉ. ऋषिराज माने, पशुवैद्य (मेलेले शिंगरू यांनीच तपासले)
२. साळूबाई विरकर, शेजारीण

दहिवडी, १४ ऑगस्ट २०२४