करड्याच्या पायऱ्या

३ मार्च, सोमवार

हॉस्पिटलात एक्स-रे वाचायच्या नव्या स्क्रीन आल्या! पहिली खोक्यातून काढताना तिच्याशी बोलतच होते. माझं मलाच हसू आलं. तपासायला खोलीचं दार लावलं, दिवे मालवले आणि कुणाच्या तरी छातीचा जुना एक्स-रे लावला. काय सांगू! फुप्फुसं म्हणजे नुसतं धुकं. जुन्या स्क्रीनवर जिथे काळोख दिसायचा, तिथे आता बारीक बारीक शिरा—लांब जात जात विरून जाणाऱ्या. किती वेळ बघत बसले कोण जाणे. शेवटी शिपाईमामांनी दार वाजवलं. "ताई, आहात का गेलात घरी?"

५ मार्च, बुधवार

काका आले. सगळं हॉस्पिटल त्यांना काकाच म्हणतं. तीस वर्षं एक्स-रे वाचताहेत. करडा रंग बघायला मला त्यांनीच शिकवलं. "काळं-पांढरं कुणालाही दिसतं गं, आजार मधल्यामध्ये लपतो." आज नव्या स्क्रीनसमोर बसले, चष्मा पुसला, मान हलवली.

"धूसर आहे."

एवढंच!

६ मार्च

मीटर लावून स्क्रीनचा उजेड मोजला. पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत करड्याची एकूण एक पायरी बरोबर. तरी खिडकीला दुसरा पडदा लावला. भिंतीवरचं घड्याळ उतरवलं, त्याची काच स्क्रीनवर चमकत होती. माझा पांढरा एप्रनसुद्धा बाहेर ठेवला.

काका: "अजून तसंच."

७ मार्च

मोठ्या साहेबांचा निरोप—बुधवारपर्यंत स्क्रीन चांगल्या असल्याची काकांची सही नाही, तर सगळ्या परत. दोन वर्षं मागे लागून मिळवल्यात मी त्या! सगळं मुसळ केरात.

९ मार्च, रविवार

दुपारी डोळा लागला. स्वप्नात जिना उतरत होते, प्रत्येक पायरी आधीच्यापेक्षा किंचित काळी. भीती मुळीच वाटली नाही. गार होतं, छान होतं, आणि जिना संपतच नव्हता.

आईने हलवून उठवलं. "काळोखात बसून बसून घुबड होशील एक दिवस!" चहा पिताना तिला सांगितलं, काकांना पसंत पडत नाहीये. ती म्हणाली, "तुला काकांची शाबासकी हवी आहे, की लोकांचा आजार वेळेत दिसायला हवाय?"

रागच आला. चहा अर्धाच टाकून उठले.

११ मार्च, मंगळवार

आज चाचणी झाली. स्क्रीनवर दहा अक्षरांची पट्टी असते—पहिलं ठळक, मग एकेक फिकट होत करड्यात विरघळणारं. एक्स-रे वाचणाऱ्याने दर महिन्याला ती मोठ्याने वाचायची आणि वहीत सही करायची. काकांनी दहाच्या दहा वाचली, पाढे म्हटल्यासारखी. कुठे अडखळणं नाही.

"बरोबर?"

मी स्क्रीनकडे पाहिलं. नव्या स्क्रीनबरोबर पट्टीही नवी आली आहे. पहिली तीन अक्षरं तीच, पुढची सात वेगळी. काकांनी म्हटली ती जुनी—इतक्या वर्षांत तोंडपाठ झालेली. स्क्रीन धूसर नव्हतीच कधी. काकांना चौथ्या अक्षरापासून पुढचं दिसतच नाही!

"बरोबर," मी म्हणाले.

त्यांनी सही केली. साहेब खूश, पेढे मागताहेत माझ्याकडे. मला मेल्याहून मेल्यासारखं झालंय. उद्या त्याच खुर्चीत बसून काका लोकांच्या छातीत काय आहे ते सांगणार. आणि त्यांना तिथे बसू दिलं मी.

१२ मार्च

सगळ्यांच्या आधी गेले. काका बसलेलेच होते, स्क्रीन बंद. "काका, काल मी खोटं बोलले." म्हणाले, "ठाऊक आहे. तुझं 'बरोबर' फार उशिरा आलं गं." कालच्या सहीनंतर त्यांनी एकही एक्स-रे वाचलेला नव्हता. वही माझ्याकडे सरकवली. कालच्या सहीवर काट, आणि खाली त्यांच्याच अक्षरात: स्क्रीन उत्तम. वाचणारा बदला.