सेलच्या कप्प्याची भिंत

चिमे,

बाबाच्या जुन्या व्हिडिओ गेमचा मागचा भाग मी घेऊन गेलेय. शोधत बसू नकोस. पुढचा भाग, बटणं आणि तुझा नवा बोर्ड टेबलावर तसेच आहेत. स्क्रू बशीत झाकून ठेवलेत.

नव्या गेमचा बोर्ड या जुन्या डबड्यात मावावा म्हणून तू मागच्या भागातल्या सेलच्या कप्प्याच्या भिंतीवर कापायची खूण केलीस. तिथे काय कोरलंय ते वाचलंस का? तुझा बाबा सहावीत असताना परीक्षा आली की मी त्याचे सेल काढून घ्यायची. एकदा काढायला गेले, तर आत कंपासच्या टोकाने कोरलेलं, ‘आईशी कट्टी.’ मी एकटीच हसले. दुसऱ्या दिवशी गुपचूप सेल परत घातले. नंतर उघडून बघितलं, तर अक्षरांवर आडवी रेघ. विषय संपला.

या वेळी कट्टीला दोन महिने झाले. त्याने नोकरी सोडली म्हणून मी त्याला नको ते बोलले, आणि तो छापखान्यात काम धरून तिथल्याच माडीवर राहायला गेला. मी फोन लावते आणि वाजायच्या आत ठेवते. आज सकाळपासून तीनदा चपला घातल्या, तीनदा काढल्या. आता हा भाग घेऊन त्याच्याकडे जातेच. एक वाजता त्यांची जेवणाची सुट्टी होते.

तुझं जेवण झाकून ठेवलंय, गरम करून घे. मी येईपर्यंत करवतीला मात्र हात लावू नकोस. बाबा ‘काप’ म्हणाला, तर मीच घट्ट धरते, तू काप.

आजी