साहेब मला ओळखतात

३ ऑगस्ट १९९८, सोमवार
सूनबाईचा करार महिनाअखेर संपतो. अंबडच्या स्विचच्या कंपनीत असंच चालतं. अकरा महिने काम, दोन दिवस ब्रेक, पुन्हा नवीन सही. यंदा सरिताला चौथा महिना आहे. ती म्हणते, नाना, सही होईपर्यंत कुठे बोलू नका. ढगळ ॲप्रन घालून जाते. संताप येतो. चोरी केली का आपण? त्याच कंपनीच्या गेटवर नऊ वर्षं काढली मी. मालक शेखरसाहेब रोज गाडीतून मला हात करायचे. एवढी ओळख कुणाची आहे?
तरी मध्ये पडायचं नाही, असं ठरवलं. बीपी वाढतं.

९ ऑगस्ट, रविवार
मध्ये पडलो. डबाभर पेढे घेऊन साहेबांच्या बंगल्यावर गेलो. म्हटलं, सून कामाला वाघ आहे, दिवस गेलेत पण एक खाडा नाही, सही तेवढी करून टाका. साहेबांनी कितवा महिना, बाळंतपण कधी, सगळं आपुलकीने विचारलं. काम फत्ते. घरी सांगितलं नाही. सही झाल्यावर सांगीन, मग सगळे पाया पडतील.

३ सप्टेंबर, गुरुवार
हरामखोर! सगळ्या पोरींच्या सह्या झाल्या, सरिताची नाही. म्हणे काम कमी आहे. आणि तिच्याच खुर्चीवर नवी पोरगी बसवली! तिला काम शिकवलं कुणी? सरितानेच, गेल्या आठवड्यात.
आमचा मुलगा दिनेश म्हणाला, कुणीतरी चुगली केली. मीसुद्धा ओरडलो, त्याला चपलेनं हाणला पाहिजे. आमच्या वत्सलाबाई माझ्याकडेच बघत बसल्या. मोतीबिंदू झाला असेल.

१४ सप्टेंबर
सरिताने कामगार ऑफिसात अर्ज दिला. कंपनी म्हणते, बाई गरोदर आहे हे आम्हाला माहीतच नव्हतं. काय खोटारडी माणसं! दिनेश म्हणाला, माहीत होतं हे सिद्ध कसं करायचं? मला ठसका लागला. उद्या सांगून टाकतो.

१५ सप्टेंबर
नाही सांगितलं. सोमवारी नक्की.

२० सप्टेंबर
सांगायची गरजच पडली नाही. सरिताने स्टीलचा डबा समोर ठेवला. त्यावर वत्सलाबाईंचं नाव कोरलेलं. म्हणाली, नाना, पेढ्यांचा हा डबा साहेबांच्या शिपायाने तेव्हाच माझ्या हाती दिला होता. मी म्हटलं, मग बोलली का नाहीस? म्हणाली, बोलून माझी सही झाली असती का? आता साक्षीला चला, तुमच्याशिवाय कुणी नाही.
म्हणजे बघा, पेढे नेले ते बरंच झालं. पुरावा तयार झाला. कोटाला इस्त्री करायला सांगितली.

६ ऑक्टोबर
कामगार ऑफिसात गेलो. सगळं खणखणीत सांगितलं. एकदाही अडखळलो नाही. शेखरसाहेबांनी चष्मा काढून मला नीट पाहिलं. म्हणाले, हे गृहस्थ कोण? मी यांना ओळखत नाही. कधी पाहिलेलं नाही.
मी म्हटलं, साहेब, नऊ वर्षं तुम्ही मला हात करायचात! ते ऑफिसरला म्हणाले, मी गेट उघडायला हात करतो, वॉचमन कोण असतो ते कुठे बघतो?
पुढची तारीख जानेवारीतली. सरिताचे तेव्हा दिवस भरलेले असतील.
बाहेर आलो. साहेबांची गाडी वळली. फाटक लोटलेलं होतं. साहेबांनी आतून हात केला.
मी धावत जाऊन फाटक उघडलं.
गाडी गेली. सरिता पायरीवर पोट धरून उभी होती. म्हणाली, नाना, सलामपण ठोकलात.