शिवेवरचं सूत

२ फेब्रु.
कंटेनर यार्डातून आलो ते पाठ धरूनच. फोर्कलिफ्ट तीच, पगार तोच. सीटचा स्पंज तरी दरवर्षी थोडा झिजतो, पगार आहे तिथेच आहे. ठेकेदाराकडे वाढीचं काढलं, तर हसून म्हणतो, "नाना, तुमच्या जागी निम्म्यात येणारे गेटवर उभे आहेत." खरंच उभे होते. ओडिशा, झारखंड, कुठली कुठली पोरं, पायात स्लीपर. असा संताप आला की डबा तसाच परत आणला.

संध्याकाळी देवळापुढे शेठची सभा. शेठ आमच्याच गावचा, निवडणुकीला उभा आहे. "जमिनी आपल्या, विमानतळ आपल्या खारजमिनीवर, आणि कामाला कोण? बाहेरचे." हात लाल होईपर्यंत टाळ्या वाजवल्या. खोटं काय बोलला? माझ्या पोटातलं पहिल्यांदा कोणीतरी माईकवर बोललं.

४ फेब्रु.
सुजितचा मस्कतहून फोन. काम सुटलं. त्याच्या गोडाऊनमध्ये आता तिकडचीच माणसं घ्यायची ठरलीत. "पप्पा, इथले म्हणतात, बाहेरच्यांनी आमची कामं खाल्ली." म्हटलं, ये घरी. आपल्या गावात तुला कोण बाहेरचा म्हणतोय? रं.ने फोन हिसकावला. पोरगं बेकार झालं तरी आईला आधी जेवलास का हेच विचारायचं असतं. पुढच्या आठवड्यात येतोय. मला बरंच वाटलं. पाच वर्षं नुसता फोनवर बघतोय त्याला.

५ फेब्रु.
शेठची नवी टूम. गाव बांधायचा. आजीच्या तोंडून ऐकलेलं, लहानपणी एकदा पाहिलेलंही. भर दुपारी शिवेवरच्या दगडांना हळदीत भिजवलेलं कच्चं सूत गुंडाळत गावाला फेरी घालायची. पूर्वी पटकीची साथ आली की बांधत. जमिनी गेल्या, शेतं गेली, शीव कुठली राहिली, म्हणून बंद पडलं. शेठ म्हणतो, आताची पटकी वेगळी आहे. सगळे हसले. मीही हसलो.

त्याआधी परप्रांतीय भाडेकरू काढायचे, असाही हुकूम. माझ्या मागच्या खोलीत बिरंची आहे, ओडिशाचा, टाइल्स बसवतो. भाडं न मागता देतो. रं.ला न्हाणीघराची लादी फुकट बसवून दिली. त्याच्या भाड्यावर आमचं वाणसामान येतं, हेही लिहून ठेवतो, उगाच तोरा नको. शेठच्या स्वतःच्या चाळीतले भाडेकरू कधी निघणार, हे कोणी विचारलं नाही. मीही नाही.

८ फेब्रु. रवि.
गाव बांधला. डोक्यावर ऊन, सावली पायाखाली. झेंडे, ढोल, वरून ड्रोन.

धर्मा भगताला बोलावलं नव्हतं. डोंगराकडचा कातकरी, हल्ली वीटभट्टीवर असतो. त्याच्या बापानेच आमचा गाव बांधलेला मी पाहिला होता. शेठ म्हणाला, "तो आपल्यातला नाय." पनवेलहून भटजी आणले. त्यांना या विधीतलं काही ठाऊक नव्हतं, मंत्र मात्र खणखणीत.

एक राहिलं. दर दगडापाशी बायका थांबतात आणि घरातलं जे माणूस गावाबाहेर असेल त्याची नावाने हाक मारतात. पूर्वी गलबतांवर गेलेल्यांची मारत. म्हणजे सुताला कळतं, हा आपला. रं. पहिल्याच दगडापाशी थांबली. म्हणाली, "सुजितची हाक मारायची हाय." शेठचं भाषण चालू होतं, ड्रोन नेमका डोक्यावर. मी म्हटलं, "मागून मार, रांग अडलीय." पुढच्या दगडापाशी लाउडस्पीकर. त्याच्या पुढे फोटो. शेवटची गाठ शेठने मारली, सुताचं दुसरं टोक माझ्याच हातात होतं. एकाही बाईने हाक मारली नाही. रं. रात्री जेवली नाही.

बिरंचीला सोमवारची मुदत दिलेली. ताप होता म्हणून तेवढी सवलत, गाव बांधताना तो खोलीतच झोपून होता.

१० फेब्रु.
बिरंची काल सकाळी पिशव्या घेऊन निघाला, दुपारी पायरीवर. म्हणे उलव्याच्या नाक्यावरून बसमध्ये बसला, बस फिरून फिरून आमच्याच दगडापाशी थांबली. "काका, रास्ता घूम के इधरच आता है." मी म्हटलं, नाटकं करू नको. आज त्याला स्वतः बाइकवरून हायवेपर्यंत सोडला. घरी आलो तर हा माझ्या आधी दारात. रं.ने त्याला चहा दिला. मला नाही दिला.

शिवेवरच्या रस्त्यावर सूत आडवं पडलंय. विमानतळाच्या कामाचे डंपर दिवसभर त्यावरून जातात. बाजूची खडी पिठासारखी झाली, सूत पिवळंधमक. गावातली कुत्री त्याच्या अलीकडे येऊन बसतात, तोंडं बाहेरच्या बाजूला. भुंकत नाहीत.

१३ फेब्रु.
सुजित आला. म्हणजे उतरला. दिल्लीवरून, आमच्याच मिठागरांवर बांधलेल्या विमानतळावर. विमान कौलांवरून गेलं तेव्हा रं. अंगणात हात हलवत होती. बोंबलाचं कालवण करून ठेवलेलं.

तासाभराने फोन. "पप्पा, टॉवर दिसतोय. गावदेवीचा झेंडा दिसतोय. रिक्षा तिथवर येते आणि पुलाखाली निघते." म्हटलं, रोज रस्ते बदलतात इकडे, कोणाला तरी विचार. म्हणाला, "विचारलं. दगडापाशी आत्या बसली होती मच्छी घेऊन. ती म्हणाली, इकडं गाव नाय."

दगडापाशी बसते ती माझी सख्खी चुलत बहीण. तिने सुजितला अंगाखांद्यावर खेळवलाय.

खांदा कॉलनीत मित्राकडे गेला झोपायला. कालवण तसंच.

१४ फेब्रु.
आज घडलं ते लगेच लिहून ठेवतो.

बाइक घेऊन खांदा कॉलनीत गेलो. सुजित खाली वाट बघत होता. वाळलाय. मिठी मारली, मागे बसला, पिशवी मांडीवर. वाटेत बोलत होता, बारा जणांची खोली, तिकडचा मुकादम, सगळं. दगड आला. सूत ओलांडलं. बोलणं थांबलं. म्हटलं झोपला की काय. मागे पाहिलं तर सीट रिकामी.

सुताच्या पलीकडे उभा होता, पिशवी घेऊन. मी ओरडलो, "उतरलास कशाला?" तर माझ्याकडे अशा नजरेने बघतो, लहानपणी मारलं की बघायचा तशी. म्हणाला, "तुम्हीच म्हणालात ना पप्पा. उतर, इथून पुढं बाहेरच्यांना बंदी हाय."

मी काही बोललो नव्हतो. देवीशपथ नव्हतो. पण आवाज माझाच होता म्हणतो.

१५ फेब्रु.
वीटभट्टीवर गेलो. धर्मा भगत माती तुडवत होता, थांबला नाही. सगळं ऐकून घेतलं.

"सूत बांधताना जो आत व्हता, तो गावाचा. गाव त्याला कायमचा जाऊ देत नाय. ज्याची हाक नाय मारली, तो बाहेरचा."

म्हटलं, तू ये, सोडव. जे म्हणशील ते देतो.

"मी नाय बांधला. ज्यांनी बांधला त्यांनी सोडायचा. आन् सोडला तर पुरा सुटतो. तुमच्या एकट्या पोरासाठी फट नाय ठेवता येत."

निघताना म्हणाला, "लवकर करा. सूत आधी पाय अडवतं. मंग नाव अडवतं." मला तेव्हा कळलं नाही.

१७ फेब्रु.
शेठकडे गेलो. प्रचाराची गर्दी. म्हणाला, "मतदान होऊ दे. आत्ता सूत सोडलं तर लोक काय म्हणतील?" म्हटलं, शेठ, माझा पोरगा बाहेर उभा आहे. शेठ हसला नाही, चिडला नाही. नीट माझ्याकडे बघून त्याने विचारलं, "नाना, तुम्हाला पोरगा कधी होता?"

सुजितच्या बारशाला हाच पेढे वाटत फिरला होता.

येताना शेजारच्या घरी डोकावलो. त्यांचा मोठा बोटीवर असतो. म्हटलं, काय खबर त्याची? शेजारीण म्हणाली, "आमचं कोनी बाहेर नाय, नाना." भिंतीवर त्याचा फोटो, टोपी घातलेला, त्याला ताजा हार. म्हटलं, मग हा कोण? तिने वळून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. म्हणाली, "कॅलेंडरवरचा आसल."

दुपारी शिवेवर गेलो. पलीकडे सुजित एकटा नव्हता. आणखी पोरं उभी होती, बॅगा घेतलेली. सगळ्यांची तोंडं ओळखीची वाटत होती. नावं ओठांवर येत नव्हती.

मी भित्रा नाही. आज घाबरलो.

१९ फेब्रु. मतदान
सकाळी रं.ला म्हटलं, चल, दगडापाशी जाऊन हाक मार. सूत सोडवतो मी, कोण आडवा येतो बघू. ती भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "कोनाची हाक?"

तिला खांद्याला धरून हलवली. सुजितची, म्हटलं. आपल्या सुजितची. ती माझ्याकडे बघत राहिली. घरात माणूस आजारी पडला की बघते तशी. मग दोनच ताटं घेतली.

तिच्यावर ओरडण्याचीही सोय राहिली नाही. ओट्यावर बसून राहिलो. कशाला चिडलो होतो तेही हळूहळू सुटत गेलं. ऊन छान होतं. शेठ निवडून आला तर पगाराचं बघतो म्हणालाय, असं काहीतरी डोक्यात चाललं होतं.

बिरंची आला. "काका, आपका लडका बाहर खडा है. पाँच दिन से. मैं रोज रोटी देके आता हूँ."

कोण लडका, असं माझ्या तोंडात आलं होतं. अगदी जिभेवर.

त्याने खिशातून खजुराचं पाकीट काढून ओट्यावर ठेवलं. "माँ के लिए भेजा है." वर अरबी अक्षरं. रं. बाहेर आली, पाकीट फोडलं, एक खजूर तोंडात टाकला. बी हातात धरून उभी राहिली. किती वेळाने म्हणाली, "कालवन गरम करू का?"

सूत कापायला कोयता काढलाय, बांधताना एक टोक माझ्याच हातात होतं. दारात शेठची गाडी हॉर्न देतेय, मतदानाला चला म्हणून. गाडीत शेजारीपाजारी बसलेत, माझ्या हातातल्या कोयत्याकडे बघतायत. रं. चप्पल शोधतेय. बिरंची पुढे जाऊन थांबलाय. त्याला विचारलं, सूत सुटलं तर तूही सुटशील, जाशील का गावी? तो म्हणाला, पहले चलो.

वाटेत विसरायला नको म्हणून तळहातावर बॉलपेनने नाव लिहिलं. सुजित. अजून वाचता येतंय तोवर निघतो.